टॉर्किलची बिनकागदी बिलं

ओडेन्स, ३ मे २०१६

ति. गुद्रुनताईस,
धाकट्या टॉर्किलचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायला बसलो, कारण तुझ्याशी बोलायचा दुसरा मार्ग तू ठेवलेला नाहीस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ई-मेल म्हणजे तुला साथीचा रोग वाटतो.

वाचनालयात दर मंगळवारी मी म्हाताऱ्याकोताऱ्यांना संगणक शिकवतो. तिथल्या एनेवोल्डनं, म्हणजे आयुष्यभर मांस तोडलेल्या खाटकानंसुद्धा, आपली सगळी बिलं ऑनलाइन करून घेतली. आणि त्याच्या शिक्षकाची सख्खी बहीण मात्र एरो बेटावरच्या मार्स्टलात बसून कागदी बिलं मागवते, वर त्या कागदाचे जादा पैसेही भरते! वर्गात कुणी विचारलं तर मला बहीण नाही असंच सांगतो.

आईबाबांच्या उन्हाळी घराचं वीजबिल मी हिवाळ्याआधीच ऑनलाइन करून टाकलं. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. तेव्हापासून तिथल्या दारात एकही पाकीट पडलेलं नाही. किती शांतता! जूनअखेर सांक्त हान्सच्या सणाच्या शेकोटीला आपण तिथंच जमू, हेरिंग मासे मी आणतो.

माया आहे तशीच राहू दे, बिलं तेवढी बदल.

तुझा
टॉर्किल


मार्स्टल, ९ मे

चि. टॉर्किलास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, निवडणुकीचे फलकच! एका पानावर चार ओळी. पाकीट इतकं जाड की विबेके टपालवालीला वाटलं, भावानं मृत्युपत्र पाठवलंय. एवढं मोठं अक्षर कशाला काढतोस? मी बहिरी होत चाललेय, आंधळी नाही.

आता बिलांचं ऐक. पाकीट आलं की मी कॉफी ओतते, चष्मा पुसते आणि बिल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते. मागच्या वर्षी पाण्याचा आकडा फुगलेला दिसला, म्हणून तर संडासाची टाकी गळतेय हे कळलं. वाचून झालं की बिल फ्रिजवर चिकटवते. भरेपर्यंत ते माझ्याकडे टक लावून बघत असतं. तुझी बिलं म्हणजे लाजाळू नवऱ्या मुली. आपण होऊन आत जाऊन बघावं तेव्हा दर्शन.

उन्हाळी घराची वीज भरलीयस ना? तिथल्या फ्रीझरमध्ये माझे मासे आहेत आणि शेजारच्या क्येलनं ठेवायला दिलेलं हरणाचं मांस आहे. जून लागला की मी साफसफाईला जाणार आहे.

वेळेवर जेव. माझं बोलणं मनावर घे, पण मनात ठेवू नकोस.

गुद्रुन


ओडेन्स, १६ मे

ति. ताईस सा. न.

वीज भरलेली आहे. बँकेच्या कार्डातून पैसे आपोआप जातात, गंमत तर तीच आहे. माणसानं काही बघायचंच नाही!

मोठं अक्षर ही शिक्षकाची सवय गं. फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचं असंच होतं. वर्गात मी एक नवी पद्धत काढलीय. मी स्वतः पडद्याकडे बघतच नाही. विद्यार्थ्यांनी मोठ्यानं वाचायचं आणि मी कुठं दाबायचं ते सांगायचं. एनेवोल्ड म्हणतो, इतका विश्वास त्याच्यावर त्याच्या बायकोनंही टाकला नव्हता.

गाडी विकून टाकली. हवा शुद्ध राहावी म्हणून. काल दुकानात एका बाईंना वाट द्यायला अदबीनं बाजूला उभा राहिलो. त्या हलेनात. शेवटी कळलं, ती चीजच्या जाहिरातीतली पुठ्ठ्याची बाई होती. हल्ली पुठ्ठ्याच्या बायका फारच हुबेहूब करतात.

आशीर्वाद असू दे, आणि फ्रीझरची काळजी सोड.

टॉर्किल


उन्हाळी घर, ६ जून

टॉर्किल,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

काल दार उघडलं आणि तशीच मागं फिरले. आत काय मेलंय ते कळेना. दिवा लावायला गेले तर दिवा नाही. मग फ्रीझर उघडला, ती माझी चूक. मासे, हरीण आणि तुझी ती आपोआप भरली जाणारी वीज, तिघंही केव्हाच वारली होती. क्येल आला आणि नाकाला रुमाल लावून म्हणाला, की ते हरीण त्यानं जावयाच्या वाढदिवसासाठी राखलं होतं. मग स्वतःच म्हणाला, की तसा जावई काही खास नाही. देवमाणूस! आम्ही दोघांनी सगळं बागेत पुरलं, रात्रीत कोल्ह्यानं उकरलं, आणि सकाळपासून सगळे सीगल पक्षी माझ्या मागं मागं फिरतायत. विहिणीसारखे.

क्येलच्या फोनवरून वीज कंपनीला विचारलं. ऐकायला तोच बसला, मी नुसती ओरडत होते. पलीकडची मुलगी गोड होती. ती म्हणाली, की तुझं जुनं बँक कार्ड बाद झालं, नवं तू कळवलं नाहीस, आणि तुझं सरकारी टपालही जिथं येतं त्या ऑनलाइन पेटीत स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवूनही तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस.

संध्याकाळी पायरीवर बसले आणि माझा राग ओसरायला लागला. राग टिकवायला मला आवडतं, तरीही. तू लहानपणापासून हिशेबी. शाळेतल्या खडूचे तुकडेसुद्धा जपून ठेवणारा. पत्रं येऊनही तू ती नुसत्या आळसानं वाचली नाहीस, हे मला पटत नाही. मग मला ती चार ओळींची पानं आठवली. विकलेली गाडी आठवली. पुठ्ठ्याची बाई आठवली.

टॉर्किल, तुला दिसत नाही का रे?

खरं ते लिही. कितीही मोठ्या अक्षरात लिहिलंस तरी चालेल.

अ. उ. आ. (उरले आहेत.)
ताई


ओडेन्स, १० जून

ति. ताई,

हो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गेल्या शरदात डॉक्टरांनी सांगितलं. सगळं जग आंघोळीनंतरच्या आरशासारखं दिसतं. तुझी पत्रं भिंग धरून कशीबशी वाचतो, पडद्यावर तेही जमत नाही. शस्त्रक्रिया साधी असते, असं ते म्हणाले. पण डोळ्यात सुरी जाणार आणि मी ती येताना बघणार, हे माझ्यानं ऐकवेना. इस्पितळाकडून बोलावणं येईल असं सांगितलं होतं. आलंच नाही. विसरले असतील, म्हणून मी मनातून खूशच होतो.

वाचनालयात सांगायची लाज वाटते. त्या मंगळवारखेरीज आठवड्यात माझी वाट बघणारं कोण आहे? न दिसणारा शिक्षक कुणाला हवा असेल?

क्येलचं हरीण भरून देईन. तू रागावलीस तरी मला दूर लोटू नकोस.

टॉर्किल


मार्स्टल, १३ जून

चि. टॉर्किलास अ. उ. आ.

बुधवारच्या बोटीनं येते. काळा पाव आणि त्यावर लावायला वाटलेली कलेजी आणतेय, भांडण तिथं आल्यावरच करू. तुझ्या त्या पेटीची किल्ली की परवली, जे काय असेल ते, हाताशी ठेव. तू उघड, मी वाचते.

ताई


ओडेन्स, २२ ऑगस्ट

ति. गुद्रुनताईस,
दिसणाऱ्या टॉर्किलचा सा. न. वि. वि.

बघ, एका पानावर किती ओळी बसल्या! दुसरा डोळाही झाला. सुरी मला दिसलीच नाही, नुसता उजेड दिसला, आणि तोही सुंदर. मी इतके महिने भ्यालो कशाला, याचा विचार करत पडलो आणि परिचारिकेनं उठा म्हणून सांगितलं.

पण माझ्या स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ काही डोळ्यांपुढून हलत नाही. तू चष्मा लावून पडद्याला नाक टेकवून बसलेलीस, सरकवायचं कसं म्हणून मला ओरडून विचारत होतीस, आणि एकेक पत्र वाचत होतीस. वीज कंपनी, वीज कंपनी, पुन्हा वीज कंपनी. आणि मग तू चष्मा काढून पुसलास आणि एक पत्र पुन्हा वाचलंस. इस्पितळाची बोलावणी होती, एकदा नव्हे, दोनदा. मोतीबिंदू झालेल्या माणसाला त्यांनी कळवलं होतं पडद्यावर, बारीक अक्षरात! तू हसायला लागलीस, मग मीही, आणि तुझं हसू कधी रडू झालं ते आपल्याला दोघांनाही कळलं नाही. मला तेव्हा तुझा चेहरा धूसर दिसत होता, पण तुझा हात माझ्या मनगटावर होता.

आता नीट दिसायला लागल्यापासून घरातली धूळ बघून मी हबकलोय. आरशात बाबा उभे असतात. माझ्या निळ्या कोटाचा रंग हिरवा आहे.

गेल्या मंगळवारी वर्गात सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. तास संपल्यावर एनेवोल्ड कोपऱ्यात आला आणि हळूच म्हणाला, की त्यालाही पडदा धुरकट दिसतो, तो आजवर अंदाजानं वाचत होता. म्हणजे इतके महिने अंदाजानं वाचणारा मोठ्यानं वाचत होता आणि मी अंदाजानं उत्तरं देत होतो! त्याच्या मागं आणखी दोघी आल्या. आपल्याला हे नवं काही जमत नाही, आपण मठ्ठ आहोत, असं त्या समजून चालल्या होत्या. आता तिघांच्याही तपासणीच्या तारखा घेतल्यात. मी स्वतः फोन करून, आणि त्या कागदावर लिहून त्यांच्या हातात दिल्या.

उन्हाळी घराचं बिल यापुढं कागदावर तुझ्याकडे येईल, कळवून टाकलंय. माझी माझ्याकडे ऑनलाइनच राहतील. रोज सकाळी उघडून बघतो, देवाशप्पथ.

एकच हट्ट आहे. तूही डोळे तपासून घे. तुझी ही संगणकाची चीड मला आता निराळीच दिसायला लागलीय. कदाचित तुलाही दिसतच नसेल, ताई. लपवू नकोस, लाज तर मुळीच वाटून घेऊ नकोस. मी येईन, तुझ्या शेजारी बसेन.

जशी त्या संध्याकाळी होतीस तशीच राहा.

टॉर्किल


मार्स्टल, ५ सप्टेंबर

चि. टॉर्किलास अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी खिडकीपाशी, चष्म्याशिवाय, परीक्षा म्हणून. मग तुझ्या शब्दाला मान देऊन बोटीनं स्वेन्बोर्गला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास दिवे मारले, अक्षरं वाचायला लावली, थेंब घातले. तुझं लिहिणं मी त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी फार मनापासून शोधलं.

काही सापडलं नाही. या वयाला असे डोळे त्यांनी बघितले नाहीत म्हणाल्या. तेव्हा संगणक न वापरण्याला माझ्याकडे आता वैद्यकीय कारण उरलेलं नाही. नुसता स्वभाव आहे.

त्यावर काही इलाज आहे का, असं मी विचारलं नाही.

तुझी
ताई