पंगतीतले उपाशी

तीर्थरूप माय, इथूनच पाया पडतो.

मला जेवण जातंय. पोटावरच्या पिशवीची सवय झाली. तुझे गुडघे कसे आहेत?

काल गारखेड्यातल्या दवाखान्यात, पिशवी बसवलेल्या नव्या पेशंटांच्या बैठकीत मी शर्ट वर करून पिशवी दाखवली. शौच आता इथून होतं, म्हणालो. तेवढ्यात मागून आवाज आला, "अज्या, मलाबी हाय. नऊ वर्षं झाली."

आपली कस्तुराआत्या!

"मग लग्नातले तुझे उपास?"

"पंगतीत पिशवी भरली तर जाऊ कुठं, मुडद्या?"

एवढे उपास देवांनाही ठाऊक नसतील. आपल्या पुतण्याच्या, माऊलीच्या लग्नात आम्ही दोघं न जेवता शेजारीच बसलो होतो. ती उपास सांगून, मी ॲसिडिटी.

हे तुला कळवायला तिनंच सांगितलंय. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, असं गावात सांगणं आता बंद कर. खरं सांग. आणखी कोण उपाशी बसलंय, काय माहीत.

तुझाच,
अजिनाथ