चष्म्याच्या यादीतला एक शब्द

गुरुजी,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि पत्र मात्र मी तुम्हाला आज पहिल्यांदाच लिहितोय. तुम्ही होतात तेव्हा लिहायची गरज पडली नाही. बाजार समितीच्या कचेरीतून सुटलो की तुमच्या ओट्यावर टेकायचं, तुम्ही आतून चहा आणायचा आणि माझ्या अक्षराबद्दल काहीतरी बोलायचं, असं वर्षानुवर्षं चालू होतं. आज सकाळपासून मी कोरे कागद पुढ्यात घेऊन बसलोय ते खरं तर भाषणासाठी. उद्या आपल्या मानवतच्या क्लबाचा रौप्यमहोत्सव आहे. पहिल्या फळीतले बरेच जण आता राहिले नाहीत, म्हणून पहिल्या नेत्रशिबिराच्या आठवणी सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बोलायला दहा मिनिटं दिलीत. आणि त्या शिबिराचं नाव निघालं की लोक माझ्याकडे तुमचीच गोष्ट मागतात.

ती गोष्ट मी इतक्या वेळा सांगितलीय की आता ती आपोआप तोंडातून बाहेर पडते. एक निवृत्त गुरुजी, दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, क्लबाच्या शिबिरात ऑपरेशन, जाड भिंगाचा चष्मा, आणि मग शेवटच्या दिवसापर्यंत ओट्यावर बसून गल्लीला मोठ्यानं पेपर वाचून दाखवणं. टाळ्या पडतात. नवे सभासद येऊन हात मिळवतात. यातलं काहीच खोटं नाही. पण ऑपरेशन आणि पेपर यांच्या मधलं जे मी गाळतो, ते आज तुम्हाला सांगायचंय. त्यातलं अर्धं तुम्हाला माहीत आहे. उरलेलं अर्धं माहीत होतं की नव्हतं, हेच मला एवढी वर्षं कळलेलं नाही.

क्लब नवा होता तेव्हाची आमची मिजास तुम्ही पाहिलीय. मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, बाजारात कापूस दिसायला लागला होता, आणि गावातले चार अडते, दोन वकील, एक डॉक्टर आणि माझ्यासारखा एखादा कारकून असे आम्ही छातीला बिल्ला लावून महिन्यातून दोनदा जमायचो. घंटा वाजवून सभा सुरू व्हायची आणि घंटा वाजवूनच संपायची. मधल्या वेळात भजी. आम्ही एसटी स्टँडवर पाणपोई घातली, ती खरंच चांगली चालली. मार्केट यार्डात झाडं लावली, ती शेळ्यांनी खाल्ली; पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत नवा प्रमुख पाहुणा आणून पुन्हा लावली. तुम्ही म्हणाला होतात, "खड्डे तेवढे जपून ठेवा रे, दरसाल कामाला येतेत." मला राग आला होता. बिल्ला लावलेल्या माणसाला अशी चेष्टा सोसत नाही.

तुमचा डोळा तोवर पारच गेला होता, पण तुम्ही ते कुणाला कळू देत नव्हता. तुमच्या पत्नी, ज्यांना मी आई म्हणायचो, त्या गेल्यापासून स्वयंपाक तुम्हीच करायचा. मी एकदा संध्याकाळी आत येतो तर तुम्ही स्टोव्ह पेटलाय की नाही ते वर तळहात धरून बघताय. सदऱ्याची बाही काळी पडलीय. मी तुमचा हात मागे ओढला तर तुम्ही माझ्यावरच खेकसलात, "मला कळतंय. जाळ कळतो." मुलगा औरंगाबादला सरकारी नोकरीत होता, दर सुट्टीला यायचा, तिकडे चला, दाखवू, ऑपरेशन करून घेऊ म्हणून हातापाया पडायचा. पण तिकडच्या दवाखान्यात आई गेलेल्या, त्यामुळे तुम्ही त्या गावाचं नाव काढू देत नव्हता. त्या जळक्या बाहीनंच मी ठरवलं की गुरुजींना शिबिरात न्यायचं. हे मी मनापासून ठरवलं होतं, एवढं तरी माना.

"कोणासाठी हाय हे शिबिर?" तुम्ही विचारलंत.

"सगळ्यांसाठी, गुरुजी. डॉक्टर आपल्याकडे येतायत, मग का सोडायचं?"

"फुकट हाय?"

"क्लब करतोय. गावाचं काम आहे."

तुम्ही काठी भिंतीला टेकवून ठेवलीत. मग म्हणालात, "बघ हं. आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली त्या सालापासून हात पसरायचं सोडलंय. मी पहिला मास्तर त्या वस्तीतला. मला रांगेत उभं करू नको." मी म्हटलं, रांग कसली, तुम्ही आमचे पाहुणे. तुम्ही विश्वास ठेवलात, कारण मी तुमच्या हाताखाली शिकलेला होतो.

शिबिर सगळ्यांसाठी नव्हतं. छापील यादीत नाव, गाव, वय आणि शेवटी 'परिस्थिती' असा रकाना होता. अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भूमिहीन किंवा निराधार, याशिवाय वरच्या ऑफिसात एकही नाव मंजूर होत नाही. माझ्या घरी दुकान होतं, शेत होतं. त्या रकान्यात माझ्या घरातल्या कुणाचं नाव कधी जाणार नव्हतं, म्हणून तो मला नुसता रकानाच वाटला. भूमिहीनच्या पुढे आम्ही शेतमजूर लिहायचो, ते तुम्हाला लागू नव्हतं. मी 'निराधार' लिहिलं आणि पुढच्या नावाकडे वळलो. एवढंच. हात अडखळला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं, पण अडखळला नाही.

कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात सतरंज्या टाकून रुग्ण झोपवले होते. बोरीकडून, पोखर्णीकडून बैलगाड्या आल्या होत्या. ऑपरेशननंतर मान हलवायची नाही म्हणून डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या लावलेल्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मी तुम्हाला चमच्यानं शिरा भरवायचो. तुम्ही म्हणायचात, "लय गोड केलाय कुणी तरी," आणि तरी खायचात. शेजारची बोरीची म्हातारी तुम्हाला विचारायची, "मास्तर, उजाडलं का?" आणि तुम्हालाही दिसत नसताना तुम्ही तिला गोदामातल्या चिमण्यांवरून वेळ सांगायचात. ते सात दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. सेवा सेवा म्हणून आम्ही सभेत जे बोलायचो, ते मला तिथे खरोखर सापडलं होतं.

चष्मे दीड महिन्यानं आले. त्याचा मोठा कार्यक्रम ठेवला होता, मंडप, हार, माईक, परभणीहून प्रमुख पाहुणे. आमच्याकडे पद्धत अशी की ज्याला काही द्यायचं त्याची ओळ यादीतून पूर्ण वाचायची, मग पाहुण्यांनी द्यायचं, मग फोटो. माझा आवाज चांगला, म्हणून वाचायचं माझ्याकडे. तुम्ही पहिल्या रांगेत धुतलेलं धोतर, काळा कोट घालून बसलेले. तुमची ओळ आली. मी नाव वाचलं, मानवत वाचलं, वय वाचलं, आणि त्याच चढ्या आवाजात वाचलं, निराधार.

पाहुण्यांनी तुम्हाला मंचावर घेऊन तुमच्या नाकावर चष्मा ठेवला. फोटो निघाला. किती वर्षांनी तुम्हाला स्पष्ट दिसलं असेल, आणि दिसलं काय, तर समोर भरलेला मंडप तुमच्याकडे बघतोय. तुम्ही चष्मा काढलात, नीट मिटून टेबलावर ठेवलात, आणि माईकच्या आवाजाच्या रोखानं माझ्याजवळ आलात. हळू आवाजात म्हणालात, "निराधार कोण म्हणलं रे? माझा पोरगा मेला का?"

तुम्ही काठी टेकत पायऱ्या उतरलात. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला घेरी आली. आणि मी, गुरुजी, पुढचं नाव वाचलं.

दुसऱ्या दिवशी चष्मा घेऊन आलो तेव्हा तुम्ही ओट्यावरच होतात. आत ये म्हणाला नाहीत. गावात तोवर सुरू झालं होतं, की मोठ्या नोकरीतला मुलगा बापाकडे बघत नाही, क्लबानं करावं लागलं. तुमच्या कानावर ते आलंच होतं. "माझ्या इज्जतीचं एक वेळ सोड," तुम्ही म्हणालात. "त्या पोरानं काय केलं? तुमच्या यादीतून तो शब्द खोड. आन् जिथं वाचलास तिथंच उभं राहून सांग की चुकीचं वाचलं. मग आण चष्मा. तोवर मला हाय ते चालतंय." मोतीबिंदू काढलेला डोळा भिंगाशिवाय आंधळाच, हे डॉक्टरांनी तुम्हाला समजावलं होतं. तुम्हाला ते ठाऊक असूनच तुम्ही बोलत होतात.

मी अध्यक्षांकडे गेलो. ते माझ्याकडे बघून हसले. "अहो, यादी वर गेली. एक नाव खोटं निघालं तर सगळी यादी संशयात, पुढच्या वर्षी शिबिर मिळायचं नाही. बोरीच्या म्हातारीचा दुसरा डोळा तुम्ही उघडणार का? जा, सांगा त्यांना खोडला म्हणून. ते कुठे बघायला येतायत?" त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला ते सोयीचं पडलं. शिवाय जुलैत नवे पदाधिकारी निवडायचे होते आणि सेक्रेटरीसाठी माझं नाव चाललं होतं. हे तेव्हा मी स्वतःशीही बोललो नव्हतो.

पुढच्या सभेनंतर मी तुमच्याकडे आलो. "खोडलास?" "खोडला." "सभेत सांगितलंस?" "सांगितलं." तुम्ही हात पुढे केलात, मी चष्मा हातावर ठेवला. तुम्ही तो घातलात आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंत. भिंगामागे तुमचे डोळे केवढे मोठे दिसत होते. मला मान वर ठेवता आली नाही. तुम्ही म्हणालात, "कानापाशी केस पांढरे व्हायलेत की तुझे," आणि चहा ठेवायला आत गेलात. तुम्हाला तेव्हाच कळलं का, गुरुजी?

आता तुम्हाला नक्की माहीत नसलेलं सांगतो. दिवाळीला तुमचा मुलगा आला. तो मला समितीच्या फाटकाशी गाठून म्हणाला, "भाऊ, आण्णा म्हणायलेत तुम्ही सभेत चूक कबूल केली. मी चार जणांना विचारलं. ऐकलेला एक माणूस भेटला न्हाई." मला वाटलं हा आता कॉलर धरणार, आणि खरं सांगतो, धरावी असं वाटत होतं. तो म्हणाला, "आण्णांना काही सांगू नका. चष्मा काढून ठेवतील ते. लोक मला म्हणू द्या काय म्हणायचं ते." आणि सायकल हातात धरून चालत गेला. त्यानंतर चार वर्षं, तुम्ही असेपर्यंत, तो येत राहिला, स्टँडवरून घरापर्यंत लोकांच्या नजरा सोसत. मोंढ्यात, भर बाजारात, लोक त्याला ऐकू जाईल असं बोलायचे. मी तिथे असायचो. जुलैत सेक्रेटरी झालो होतो, माझ्या शब्दाला गावात वजन आलं होतं, आणि मी तोंड उघडत नव्हतो. तुम्ही ओट्यावर मोठमोठ्यानं पेपर वाचायचात, आणि ते वाचन त्याच्या बदनामीवर चाललेलं होतं, हे गावात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. मला त्याची फार लाज वाटते. तुम्ही गेलात तेव्हा खांदा द्यायला मी पुढे झालो, तर त्यानं जागा करून दिली.

क्लबानं उद्यासाठी पहिल्या शिबिरातल्या रुग्णांच्या घरच्यांना बोलावलंय. बाकीच्यांचा पत्ता लागला नाही. तुमचा मुलगा येतोय. निवृत्त झालाय आता, काल फोनवर म्हणाला, सकाळच्या गाडीनं निघतो. त्याची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवायला मीच सांगितलंय. मंडप तिथेच, माईक तिथेच, आणि सांगायचं आहे ते एकच वाक्य, की मी चुकीचं वाचलं होतं, या माणसाचे वडील निराधार नव्हते. तुम्ही मागितलं होतंत तेवढंच.

हे पत्र लिहिता लिहिता मध्ये उठून मी भाषणही पुरं केलं, गुरुजी. दहा मिनिटांत बसतं. आत्ताच मोठ्यानं वाचून पाहिलं. ते वाक्य त्यात नाही.