हेडमास्तरांचा बेस गिटारचा क्लास

सोनाळा, ता. ६ जानेवारी २०२५

ती. दादास,
धाकट्या कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रागावला की कट करतो, म्हणून पत्र लिहून राह्यली. हे मधातच बंद नाही करता येत.

जयमालावयनी सांगत होती, रिटायर हेडमास्तरांनी बेस गिटारचा क्लास लावला. साध्या गिटारले सहा तारा असतात, तुह्या गिटारले चारच. बाकीच्या दोन ढिल्या होऊन तुह्या डोक्यात गेल्या काय? तू वाजवाले बसला की वयनीले वाटते, शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली.

अन् शिकवते कोण, तं नजीरभाईची अदीबा! सहावीत होती तवा तू तिले पंधरा ऑगस्टच्या गाण्यातून सगळ्यांसमोर बाहेर काढलं, आवाज फाटका आहे म्हणून. मी माहेरी आली होती, पोरगी किती रडली ते पाह्यलं. आता तिच्यासमोर तू मान खाली घालून बसतो, हे ऐकून मले लय गार वाटलं. काऊन गेला तिथं, खरं लिही.

तुझी, कोकिळा

मेहकर, ता. १४ जानेवारी

चि. सौ. कोकिळास अ. उ. आ.

पत्र मिळाले. शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत.

बोटांना फोड आलेत. तीन आठवडे एकाच जाड तारेवर आहे. अदीबा म्हणते, सर, तुम्ही ठेक्याच्या पुढे पळता. ठेका म्हणजे काय, हे मी तिला दहा मिनिटे समजावले. तिने शांतपणे ऐकले आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावले. क्लासमधली दहा वर्षांची मनाली माझ्या पुढे गेली आहे.

खरे कारण लिहितो, गावभर करू नकोस. डिसेंबरात तिचा कार्यक्रम होता. मंचावरून तिने सांगितले, की लहानपणी एका सरांनी गाणे बंद केले, म्हणून वाद्य धरले. नाव घेतले नाही. लोक हसले. मीही टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. तिने दार उघडले, या सर म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघाले, क्लास किती वाजता असतो?

तुझा, दादा

सोनाळा, ता. २० जानेवारी

ती. दादास नमस्कार.

हसून हसून पोट दुखलं. एक शब्द निघेना, तं माणूस गिटार शिकून राह्यला! पोरांले उभं करून माफी मागाले लावत होता, तवा तं तुले लय सोपं वाटे.

मंग राग आला. ती तुले रोज सर म्हणते अन् तू गुपचूप ऐकून घेतो. तिले तोंडानं सांग, तेही सगळ्यांसमोर. नाही सांगितलं तं मले पत्र लिहू नको.

कोकिळा

मेहकर, ता. २९ जानेवारी

चि. सौ. कोकिळास आशीर्वाद.

सांगितले. काल, पाच पोरांसमोर, गिटार गळ्यात अडकवलेली असताना. जन्मभर भाषणे केली, पण त्या चार वाक्यांनी घाम फोडला.

अदीबा बराच वेळ तार जुळवत राहिली. तार जुळलेलीच होती. मग म्हणाली, की मी दारात आलो तेव्हाच तिला कळले होते, कशाला आलो ते. माफ केले, असे म्हणाली नाही. त्या पंधरा ऑगस्टनंतर ती कुणासमोर गायली नाही, एवढेच सांगितले. मी आपल्या बोटांवरचे फोड पाहत बसलो.

शेवटी तीच माझ्या बोटांकडे पाहून म्हणाली, नखे वाढलीत सर, गुरुवारी कापून या.

कापली आहेत. जयमाला दारात उभी राहून हसत होती.

माया आहे तशीच राहू दे, जिभेला मात्र थोडी सुट्टी दे.

तुझा, दादा