महाजन काकूंचं अक्षर

४ मार्च
महाजन सरांच्या नव्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं आली. कव्हरवर याही वेळी 'प्रेम, धोका आणि काळं गुपित' असणार. अकरा वर्षं सरांची हस्तलिखितं टाइप करतेय. भवानी पेठेतल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात, या टेबलावर किती नायिका पळून गेल्या, किती विहिरीत सापडल्या, देव जाणे. एसटी स्टँडवर धडाधड खपतात.
आज एक विचित्र झालं. प्रकाशकाचा एक फॉर्म सरांनी माझ्यासमोर भरला. अक्षर मोठं, ओबडधोबड, नुकतं लिहायला शिकलेल्या मुलासारखं. हस्तलिखितातलं बारीक, डावीकडं झुकलेलं. म्हटलं, "सर, ते अक्षर तुमचं नाही?"
"छे. मी सांगतो, नलू लिहिते." मग थांबले. "लिहायची."
नलूकाकू म्हणजे त्यांची बायको. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मी भेटायला गेले होते. फोटोला हार होता.
मग ही तीन प्रकरणं कुणी लिहिली?

६ मार्च
कपाटातले जुने गठ्ठे काढून बघितले. तेच अक्षर. 'आशीर्वाद'चं दर वेळी 'आर्शीवाद', आणि मी दर वेळी दुरुस्त करते. नव्यातही दोन ठिकाणी.
नवरा, दि., होटगी स्टेशनवरून ड्यूटी करून आला तेव्हा सांगितलं. रेल्वेत असल्यामुळं त्याला कशाचंच नवल वाटत नाही. "आगं, जुनं लिवून ठिवलं आसंल की त्यांनी. जायच्या आदी."
पटलं. बरं वाटलं.

११ मार्च
प्र. ५. नायिका इंदू माडीच्या खिडकीतून शेजारचं बांधकाम बघते. 'तिसऱ्या स्लॅबवर पाणी साठवायला वाळूची आळी केलीत. त्यात कावळा आंघोळ करतो.'
दुपारी प्रुफं द्यायला सरांकडं गेले. शेजारी नवी इमारत उठतेय. तिसरा स्लॅब. वर आळी, आळ्यांत पाणी. गवंड्याला विचारलं, कधी टाकला?
"गेल्या हप्त्यात की ताई."
जुनं लिहून ठेवलेलं नाही हे.
सरांच्या माडीची खिडकी उघडी होती. पडदा वाऱ्यानं आत ओढला गेला, मग जागेवर आला. वारा नव्हता म्हणा. मार्चातलं सोलापूर.

१३ मार्च
सर आले. सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकूंचं शेवटचं सगळं सोलापुरातच झालं होतं का सर?"
"नाही. अकलूजला. माहेरी गेली होती, तिथंच."
चहा पूर्ण प्यायले. हात पुसला. "का विचारलंत, रेखाबाई?"
"सहज."
"सहज काही नसतं. माझ्या कादंबरीत तरी." हसले. छान हसतात.

१९ मार्च
प्र. ८ टाइप करताना हात थांबले.
इंदूचा नवरा गावभर सांगतो की ती वारली. ती वर माडीवरच असते. 'खाली बायका रडत होत्या. एक म्हणाली, काकूंच्या हातची शेंगाचटणी आता कुठली खायला मिळायची.'
ते वाक्य माझं आहे. मीच म्हणाले होते. त्या दिवशी, हारवाल्या फोटोसमोर, डोळे पुसत. तिथं शेजारच्या दोन बायका, सर आणि मी. बस.
आणि वर कोण होतं?

२० मार्च
दि. म्हणतो, "सरांनीच ऐकलं आसंल आन् सांगितलं आसंल लिवायला." सांगितलं कुणाला?
अडलेल्या शब्दापुढं मी नेहमी समासात पेन्सिलनं खूण करते. आज प्र. ८ च्या प्रुफावर एका कोपऱ्यात बारीक लिहिलं : तुम्ही ठीक आहात ना? सरांना मोतीबिंदू. बारीक काही दिसत नाही. तरी पाकीट चिकटवूनच दिलं.

२७ मार्च
प्रुफं परत. माझी ओळ खोडरबरानं पुसलेली. खाली त्याच अक्षरात : 'ठीक. पेन्सिल नको. ते पानावरून बोटं फिरवून बघतात.'
दिवसभर दुकानात नुसती बसून. जयंतीच्या पत्रकांचं काम पडून राहिलं. मंडळाची पोरं ओरडून गेली.

२ एप्रिल
अकलूजला जाऊन आले. दि.ने रजा टाकली. काकूंचा भाऊ शोधायला वेळ लागला नाही. रिटायर्ड मास्तर, सगळे अण्णा म्हणतात.
म्हटलं, काकू गेल्या तेव्हा तुमच्याकडंच होत्या ना?
अण्णा बघतच राहिले. "आमच्याकडं? आम्हाला तर महाजनांचा फोन आला. सोलापुरातच सगळं उरकलं म्हणाले. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही."
सोलापुरात अकलूज सांगितलं, अकलूजला सोलापूर.
काकूंच्या वहिनी आतून म्हणाल्या, "जाऊ दे ते. ती कुणाबरोबर तरी जाणार होती, आम्हाला कळलं होतं. गेली ते बरं झालं." अण्णांनी मान खाली घातली. पाणी दिलं, पण बसा म्हणालं नाही कुणी.
एसटीत दि. म्हणाला, "पोलिसात जाऊ." म्हटलं, आधी मी बघते. माणूस आहे का तरी बघते.

९ एप्रिल
सरांचं डोळ्याचं ऑपरेशन आज. सकाळीच रिक्षानं गेले. मी बाराला त्यांच्या घरी.
कुलूप असणार, या तयारीनं गेले होते. दार नुसतं लोटलेलं.
जिना चढताना वरून पंख्याचा आवाज. काकू टेबलाशी. केस पूर्ण पांढरे. बोटांना शाई. मला बघून दचकल्यासुद्धा नाहीत.
"रेखा ना? टाइप करणारी?"
मान हलवली. मग म्हटलं, "काकू, दार उघडं आहे. चला."
"उघडंच असतं गं."
पाणी दिलं मला. मग त्या सांगत गेल्या, प्रकरण सांगावं तसं. श्रीधर म्हणून चित्रकार, सरांची मुखपृष्ठं काढायचा. दोघांचं जमलं. होटगीला गाडी बदलून पुढं जायचं ठरलं. तो तिथं थांबणार होता. चिठ्ठी सरांच्या हाती लागली.
"म्हणाले, तू बस. मी जाऊन त्याला सांगून येतो. संध्याकाळी आले. अंगणात बूट धुतले. मला म्हणाले, नलू, आता तूही नाहीस. चार दिवसांनी खाली तुम्ही सगळ्या रडायला."
"तुम्ही ओरडायचं ना काकू."
"आपल्यासाठी लोक रडून गेल्यावर खाली उतरायचं कसं, तूच सांग."
"आणि श्रीधर?"
"बूट धुतले," एवढंच पुन्हा.
निघताना म्हणाल्या, "खरं सांगू? संध्याकाळी मजकूर सांगायला बसले की अजून माझ्याकडं पहिल्यासारखे बघतात." ते मला सगळ्यात भयंकर वाटलं.

९ एप्रिल, संध्याकाळ
दि. जेवत होता. सगळं सांगितलं. होटगी म्हटल्यावर हातातला घास तसाच ठेवला.
"तीन वर्सामागं," म्हणाला. "यार्डाच्या पल्याड एक गडी घावला व्हता, गाडीखाली. बेवारस म्हणून नोंद झाली. बोटांना रंग व्हता त्याच्या. आमी म्हणलो, घरं रंगवणारा आसंल कुणी."
पुढं जेवला नाही.

१२ एप्रिल
पोलिसात दिलं. बाई फौजदार ऐकून घेणाऱ्या निघाल्या. आमच्याबरोबर लगेच आल्या.
सर बाहेरच्या खोलीत, काळा चष्मा लावून. बाईंनी वर हाक मारली. काकू भिंत धरत एकेक पायरी उतरल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा.
सर रागावले नाहीत, घाबरले नाहीत. फक्त म्हणाले, "नलू, ऊन आहे. डोक्यावर पदर घे."
काकूंनी घेतला.
बाई म्हणाल्या, जुनी नोंद रेल्वे पोलिसांकडून मागवावी लागेल. काकूंचा जबाब सोमवारी. तोवर त्या माझ्या घरी राहतील. सरांना गाव सोडू नका असं बजावलं.
काकूंकडं चपलाच नव्हत्या. माझ्या तपकिरी दिल्या. रिक्षात एकच बोलल्या : "त्यांचे डोळ्याचे थेंब चारला असतात."

१५ एप्रिल
काकू शांत. भाकरी छान करतात. दि.शी बोलतात, माझ्याशी कमी. चार वाजले की घड्याळाकडं बघतात आणि हातातलं काम खाली ठेवतात.
म्हटलं, "सोमवारी सगळं सांगाल ना काकू? बुटांचं?"
"तुला सांगितलंय की."
"फौजदारबाईंना सांगायचंय."
"बघू."

१६ एप्रिल
दुपारी दुकानातून आले तर काकू नाहीत. अंथरूण घडी करून ठेवलेलं. तपकिरी चपला नाहीत.
दि.ला फोन केला. तो म्हणाला, होटगीला मी बघतो, तू सरांकडं जा. अकलूजला अण्णांना फोन लावला. त्यांनी ऐकलं आणि ठेवला.
सरांकडं पोहोचले तेव्हा साडेचार. दार उघडं. सर खुर्चीत, चष्मा मांडीवर. उजवा डोळा ओला, थेंब गालावर ओघळलेला. ताजा.
"काकू आल्यात?"
"कोण काकू?"
"थेंब कुणी घातले सर?"
"मीच."
कप उचलला. चहा बशीत सांडला, मग शर्टावर. हात थांबतच नव्हता. असल्या हातानं डोळ्यात नेमका थेंब पडेल? चारला काकू इथं होत्या.
न विचारता वर गेले. टेबल, पंखा बंद. कुणी नाही. मोरी बघितली, गच्ची बघितली. "काकू!" म्हणून ओरडले. शेजारच्या बांधकामावरचे गवंडी वळून बघायला लागले.
खाली आले. सर तसेच बसलेले. "बसा रेखाबाई. उन्हातून आलात."
बाई फौजदारांना तिथूनच फोन केला. त्या निघाल्यात. दि.चा अजून फोन नाही. मी समोरच्या ओट्यावर बसून हे लिहितेय.
दारातल्या चपला तीनदा बघितल्या. सरांच्याच आहेत, एक जोड. तपकिरी कुठंच नाहीत.