खाचेतली पिन

४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता, म्हणून पत्र. गाडी पुन्हा उघडली आहे. डाव्या चाकाकडून खडखड येत होती. जॅकवर घेऊन चाक हलवलं, तर खालच्या आर्मला चाक जोडणारा बॉल जॉइंट गेलेला. रबर फाटून आत माती शिरली होती. गॅरेजला देणार होतो, पण तुमची सूनबाई ऐकेना. तूच कर म्हणाली.

नवा जॉइंट बसवला, पण नट आवळायला गेलं की त्याच्याबरोबर आतला दांडाही गरगर फिरतो. ग्रीस तर चांगलं चोपडून लावलं होतं. कुठे चुकतंय ते लिहा.

आणि बाबा, एकदा बोलूनच टाकतो. तीन वर्षांपूर्वी उजव्या बाजूचा जॉइंट मीच घातला, दुसऱ्या दिवशी वळणावर चाक निखळलं आणि हिचा पाय मोडला. नट सुटू नये म्हणून त्याच्या खाचेतून आरपार घालायची ती बोटभर पिन जागेवर नव्हती, असं गाडी ओढून नेणाऱ्या मेकॅनिकने सांगितलं. मला अजून वाटतं की मी ती घातली होती. पण विसरणारे सगळे असंच म्हणत असतील. आठवड्याभरात तुम्ही हवापालटाला म्हणून ताईकडे गेलात ते गेलातच. चौतीस वर्षं बस आगारात दुसऱ्यांची कामं तपासून गाड्या रस्त्यावर सोडलेला माणूस, आणि त्याच्या मुलाने पिन विसरावी. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, पण मला समजायचं ते समजलं.

तब्येतीला जपा. ताईला नमस्कार. तुमची माया आहे तशी असू द्या.

तुमचा
मुलगा

९ फेब्रुवारी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ग्रीस लावायला ते काय तुझं डोकं आहे, तेल चोपडायला? तो निमुळता दांडा आणि त्याचं भोक दोन्ही कोरडी ठणठणीत लागतात. पेट्रोलच्या फडक्याने पुसून काढ. मग आर्मखाली जॅक लावून थोडा वर दाब, म्हणजे वजनाने दांडा भोकात घट्ट बसेल आणि फिरणार नाही. मग नट आवळ. नटाची खाच दांड्यातल्या पिनेच्या भोकासमोर आली नाही तर नट आणखी पुढे आवळायचा, मागे कधीही घ्यायचा नाही. पिन नवीच घाल.

इकडे ताईच्या अंगणात फरशी बसवण्याचं काम निघालं आहे. कारागिराला पाण्याचा उतार म्हणजे काय हे माहीत नाही, त्यामुळे मी खुर्ची टाकून समोरच बसतो. तो माझ्यावर वैतागला आहे. गुडघे ठीक आहेत. बाकी काही विशेष नाही.

सूनबाईला आशीर्वाद सांग. तिच्या पायाचं कसं आहे ते तू लिहिलं नाहीस, ते लिही.

तुझे
बाबा

२१ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुमच्या पत्राप्रमाणे सगळं झालं. नट बसला, पिन बसली, चाकही चढलं. पण गाडी काही स्टँडवरून खाली येत नाही. रोज शाळेतून आले की चित्रकलेची पिशवी दारात टाकून हे सरळ गाडीखाली शिरतात, घातलेली पिन काढतात आणि नवी घालतात. काल मी मोजल्या, अकरा पिना झाल्या. दुकानदाराने विचारलं म्हणे, की मास्तर, गाड्या किती आहेत तुमच्याकडे.

हसून लिहिते आहे, पण हसू येत नाही. वर्गाला कुलूप लावून अर्ध्या वाटेतून परत जातात. दूध उतू जाईल म्हणून ते तापायच्या आधीच गॅस बंद करतात. तीन वर्षांत गाडीत दुसऱ्या माणसाला बसू दिलं नाही, आणि लायसन्स असून मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. पाच मार्चपासून मला पलीकडच्या गावच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर रुजू व्हायचं आहे. बसची पायरी चढायला पाय साथ देत नाही, म्हणजे गाडी हवीच. पाय तसा बरा आहे बाबा. मला त्याचं आता काही वाटत नाही, ह्यांचं वाटतं. आपल्या हातांकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तसे बघतात.

ह्यांना जगात एकाच माणसाचं म्हणणं पटतं. काम बरोबर आहे, गाडी खाली घे, एवढंच लिहा. तेव्हाचं झालं गेलं, चूक माणसाकडूनच होते, असंही लिहिलंत तर फार बरं होईल.

कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.

तुमची
सून

२५ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाई आणि चिरंजीव, दोघांस आशीर्वाद.

सूनबाई, तुझं पत्र आल्यापासून तीन कागद फाडले. हे पत्र दोघांनी वाचावं. पाय तुझा मोडला, म्हणून आधी तू वाच.

चिरंजीव, पिन तू घातली होतीस. मी काढली.

काम संपवून तू आंघोळीला गेलास. मला सवय, मी चाक वळवून मागून हात घातला. तू जुनीच पिन सरळ करून घातली होतीस. म्हटलं नवी घालू. ती अडकली होती म्हणून नट थोडा मागे घेतला, पिन ओढून खिशात टाकली आणि नवी शोधायला घरात आलो. नटबोल्टांचा डबा उपडा केला. सगळं एकात एक झालेलं बघून मापाप्रमाणे लावत बसलो, आणि त्यात संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं निघालात तेव्हा गाडी एका दमात सुरू झाली, म्हणून मनात तुला शाबासकी दिली. खरं सांगतो, तेव्हाही आठवलं नाही.

दवाखान्यात सूनबाईच्या उशाशी बसलो असताना चष्म्यासाठी खिशात हात घातला, तेव्हा ती पिन हाताला लागली. त्याच वेळी बोलायला हवं होतं. आधी म्हटलं ऑपरेशन होऊ दे, मग म्हटलं प्लास्टर निघू दे. तू मेकॅनिकसमोर मान खाली घालून उभा होतास आणि मी शेजारी गप्प होतो. तुझ्याकडे बघवेना म्हणून ताईकडे पळून आलो. हवापालट वगैरे सगळं खोटं.

चौतीस वर्षांच्या नावाला जपलं आणि मुलाला जपलं नाही. क्षमा मागायला तोंड नाही. काम तुझं तेव्हाही बरोबर होतं. गाडी खाली घे.

तुमचा अपराधी
बाबा

१ मार्च

तीर्थरूप बाबांस,
नमस्कार.

पत्र मंगळवारी आलं. हिने वाचलं आणि माझ्या हातात दिलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. मला राग आला आहे, तो अजून गेलेला नाही आणि इतक्यात जाईल असंही वाटत नाही. पिन काढलीत म्हणून नाही, ते कोणाकडूनही होईल. पण तीन वर्षं मी कुलपं ओढून बघत होतो, आणि माझ्या त्या वेडाला औषध तुमच्याकडे होतं.

ही रडली. मला वाटलं पायासाठी. तर म्हणाली, बाबा तिकडे हे एकटे मनात ठेवून कसे राहिले असतील. मला ते आवडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिला काय म्हणायचं होतं ते थोडं कळलं.

परवा संध्याकाळी गाडीखाली गेलो. पिन जागेवर होती. ती काढली नाही, हातही लावला नाही. स्टँड काढले, गाडी खाली घेतली आणि हिला बोलावलं. त्या वळणापर्यंत जाऊन आलो. जाताना मी चालवली, येताना तिने. मी शेजारी बसून दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ते माझेच वाटत होते.

रविवारी सकाळी तुम्हाला न्यायला येतो आहोत. कपडे, औषधं भरून तयार राहा. भांडण आपलं घरी बसून होईल, सवडीने. यायचं नाही असं म्हणायचं असेल तर ते मला सांगू नका, हिच्या तोंडावर सांगा. गाडी तीच चालवत आणणार आहे.

रागासकट लोभ आहे, तुमचाही राहू द्या.

तुमचा
मुलगा