पंपाचे नट कोणी आवळले?

अजी,

लग्नापासून हीच हाक मारत आले, कागदावर तरी दुसरी कुठून आणू? आज लिहायला बसले, कारण उद्या आपल्या पाणीवाटप संस्थेची सभा आहे. तिथं एक तर तुमचं नाव खराब होईल, नाही तर तुमच्या भावाची नोकरी जाईल. आणि काय व्हायचं ते माझ्या बोलण्यावर आहे.

तुमचा पंप जळला होता. घाबरू नका, आता चालतो आहे. वैनगंगेवरचा तो उपसा पंप, गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास बसवलेला आणि तेव्हापासून तुमच्याच हातचा. तुम्ही त्याला घरच्या माणसापेक्षा जास्त जपलंत. माझ्या वाट्याला उरलंसुरलं आलं, पण ते भांडण आज नको.

बिघडलं ते ग्लँडपाशी. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, पण लिहिल्याशिवाय मन थाऱ्यावर येत नाही. फिरता दांडा, शाफ्ट, पंपात शिरतो तिथं डोरीचे वेढे भरायचे, वरून दोन नटांनी दाबायचे, पण इतकेच की थेंब थेंब पाणी गळत राहील. त्या पाण्यानंच डोरी आणि शाफ्ट थंड राहतात. तुमची जवळची नजर गेली तेव्हापासून डोरी कापून द्यायला मी असायचे. वेढ्यांचे जोड एका रेषेत आले की तुम्ही कपाळाला हात लावायचे.

त्या गळण्याला तुम्ही 'रडणं' म्हणायचे. कोणी विचारलं की हसून सांगायचे, "रडू द्या त्याले, रडला तरच जगते." गावानं तो शब्द उचलला. तोच शब्द नडला बघा.

तुमचं दहावं पंपघराच्या बाजूच्या घाटावर केलं. तुमच्या भावानं, हेमराजनं, मुंडण केलं, पिंड ठेवले. पंप चालूच होता. धान निसवायला आलेलं, बंद कसा ठेवणार? परत निघताना तुमच्या मावशी पंपघराच्या दाराशी थांबल्या, ग्लँडकडे बोट दाखवलं आणि पदर डोळ्यांना लावला. "पाहा वं, देवरामसाठी पंपही रडून राहिला." मग सगळ्याच बाया रडल्या. मीही रडले. तुमचा भाऊ तेवढा रडला नाही, नुसता त्या थेंबांकडे बघत उभा राहिला.

संध्याकाळी तो पाना घेऊन गेला आणि दोन्ही नट आवळले. थेंब थांबेपर्यंत आवळले.

दुसऱ्या दिवशी पंपघरातून जळका वास आला. डोरीचा कोळसा झाला होता आणि शाफ्टवर चढवलेल्या नळीला, त्या स्लीव्हला, नख अडकेल असे चरे पडले होते. नवी डोरी भरली तरी त्या चऱ्यांतून पंप हवा ओढायचा आणि पाणी चढायचंच नाही. नागपूरहून स्लीव्ह येईपर्यंत पाट कोरडा राहिला. वरच्या बांध्यांमधलं धान पांढरं पडलं. लोक काय काय बोलले ते तुम्हाला नाही सांगत.

तेव्हा संस्थेचे अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "देवरामले शेवटी शेवटी दिसत नव्हतं बरोबर. त्यानंच कसून ठेवले असन नट. आता मेलेल्या माणसाले काय बोलाचं?" सगळ्यांनी माना हलवल्या. हेमराजनंही हलवली. दहाव्याला पडणारे थेंब घरच्यांनीच पाहिले होते, आणि बायांना कोण विचारतं?

खरं मला कळलं ते स्लीव्ह बसवताना. मी डोरी कापत होते, तो वेढे भरत होता, आणि मान वर न करता म्हणाला, "वहिनी, मले ते पाह्यवत नव्हतं. घरातले सारे रडून राहिले, अन् हाही? मीनंच कसले नट."

मी त्याच्यावर चिडले असते. पण चिडले तुमच्यावर. का हो, भावाला कधी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या नाहीत? "हात नको लावू, बिघडवशीन," एवढंच त्यानं तुमच्या तोंडून ऐकलं. पंप चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, हे तो बघून बघून शिकला. पण पाणी का गळू द्यायचं? ते तुम्ही मला सांगितलंत, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. त्याच्या वाट्याला फक्त तुमचा विनोद आला. एवढं जड होतं का ते सांगणं?

उद्या ऑपरेटरच्या जागी हेमराजचं नाव पक्कं होणार आहे. त्याचं शेत धरणाच्या पाण्यात गेलं, घरात दोन पोरी. मी गप्प बसले तर सगळं सुरळीत होईल. तुम्हाला आता बोल काय लागणार, असं मीही स्वतःला समजावलं. गप्पच बसणार होते, खरं सांगते.

पण काल अध्यक्ष पंपघरात आले. नव्या डोरीतून थेंब पडताना बघून म्हणाले, "हे पुन्हा गळून राहिलं ना. जास्त नाही, जरा कस, हेमराज." आणि त्यानं पाना उचलला! कारण अजी, नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागतं, आणि कुठून कळलं तेही. मी पुढं झाले. "भाऊजी, तो पाना द्या इकडं." अध्यक्षांना वाटलं, तुमची आठवण येऊन मी पाना मागितला.

रोज मी कुठवर पुढं होणार?

आज दुपारी हेमराजला सांगितलं, मी उद्या बोलणार. तो ताटावरून उठून गेला. या घरात पुन्हा जेवायला येईल की नाही, मला माहीत नाही.

तरी तुम्हाला शब्द देते. उद्या मी सभेत उभी राहीन आणि सांगेन, नट हेमराजनं आवळले, आणि का आवळले तेही सांगेन. मग म्हणेन, त्यालाच ठेवा. खरं एकदा उघड झालं की साऱ्या गावात हा एकच माणूस असेल, जो ते पुन्हा आवळणार नाही.

तुमची,
निर्मला