शेजारणीचं मशीन

प्रिय आई,

तुझे तीन फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही. तब्येत ठणठणीत आहे, उगाच जीव टांगणीला लावू नकोस. फोनवर बोलता बोलता रडले असते, म्हणून लिहिते.

माझं इथलं काम तुला ठाऊक आहे. खेड्यातल्या बायकांना आमची संस्था छोटं कर्ज देते. माझ्यासारख्या परदेशातून आलेल्या हौशी मंडळींनी घरोघर जायचं, कर्जातून घेतलेली वस्तू डोळ्यांनी बघायची आणि बाईला तिच्याशेजारी हसत उभं करून फोटो काढायचा. पाच बायकांचा एक गट असतो. एकीने नियम मोडला की पाचही जणींना सगळं कर्ज एकदम परत करावं लागतं.

मागच्या महिन्यात एका गटाकडे गेले. पहिल्या घरी शिलाई मशीन होतं, चाकाला निळी चिंधी बांधलेली. फोटो काढला, चहा प्यायले. मग गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या एका बाईकडे गेले. तिच्याकडेही मशीन, आणि चाकाला तीच निळी चिंधी! मी चहा पीत होते तेवढ्यात बायकांनी ते मागच्या दाराने उचलून पळवलं होतं. मला इतकं हसू आलं. त्याच दुपारी जेवताना हा किस्सा मी साहेबांना रंगवून सांगितला. तेही पोट धरून हसले. मग रुमालाला हात पुसत त्यांनी विचारलं, घर कितवं?

त्या दुसऱ्या बाईने मशीन घेतलंच नव्हतं. ते पैसे मुलीच्या पायाच्या ऑपरेशनला गेले होते. ती हाताने शिवायची आणि हप्ता भरायची. एकही चुकवला नव्हता, आई. पण नियम तो नियम. वसुलीची माणसं पाची घरांत गेली, आणि ज्या शेजारणींनी तिच्यासाठी मशीन उचलून आणलं होतं, त्यांनीच तिच्या छपराचे पत्रे काढून विकले. तरी भागेना, तेव्हा तिने मुलीला शहरात एका घरी कामाला ठेवलं आणि उचल घेतली. तेरा वर्षांची पोर, नुकती कुठे नीट चालायला लागली होती.

काल तोंड वर करून मी माफी मागायला गेले. तिने मला घरातली एकुलती खुर्ची दिली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, “आज फोटो कशाचा काढायचाय, बाई?”

तुला आठवतं, बाबांच्या नोकरीसाठी ते गृहस्थ घरी आले होते? तू शेजारच्या काकूंचे कप आणले होतेस, आणि मी सात वर्षांची शहाणी, त्यांच्यासमोर म्हणाले होते, हे आमचे नाहीतच मुळी! तू हसलीस. रात्री मात्र जेवली नाहीस. ती नोकरी बाबांना मिळाली नाही.

उचल फेडल्याशिवाय मालकीण त्या मुलीला सोडणार नाही. माझ्याजवळचे पैसे जेमतेम निम्म्याला पुरतात. माझ्या लग्नासाठी जपून ठेवलेल्या तुझ्या सोन्याच्या बांगड्या मोड आणि पैसे पाठव. मला जन्मभर काही देऊ नकोस. कुणी विचारलंच, तर बांगड्या सोनाराकडे उजळायला दिल्यात म्हण. या वेळी मी तोंड उघडणार नाही.

तुझीच,
चोंबडी